लसीची नोंद ‘यू-विन’वर करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आम्ही नातवाला घेऊन बोटीतून चिखलीबाहेर पडलो. आठवड्याने परतलो तर ट्रंकेत चिखल भरलेला. लसीकरणाचं कार्ड बोट लावताच तुटत होतं, निळी शाई सगळीकडे पसरलेली. ज्या दवाखान्यात लसी दिल्या तिथलं रजिस्टरही भिजलं होतं. पोराच्या दंडावरचा बीसीजीचा (क्षयाविरुद्धच्या लसीचा) व्रण तेवढा उरला. गोवर-रुबेलाची लस दिलेली मला पक्की आठवत होती, पण आजीच्या आठवणीवर कोण भरवसा ठेवणार? पुन्हा टोचली. त्याचं ते रडणं अजून कानात आहे.

आता धाकटी नात आहे. उपकेंद्रात सिस्टरांनी दीड महिन्याचा पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) दिला, लगेच ‘यू-विन’ या सरकारच्या लसीकरण नोंदीच्या ऑनलाइन यंत्रणेवर नोंद केली, सुनेच्या मोबाइलवर ती दिसते. पुढचे डोस शहरात खासगी दवाखान्यात झाले. तिथे फक्त कार्डावर तारीख आणि शिक्का. म्हणजे एकाच पोरीची नोंद दोन ठिकाणी, अर्धी-अर्धी.

डॉक्टरांना गर्दीत वेळ नसतो, हे मी रांगेत बसून पाहिलंय. पण ‘यू-विन’वरची नोंद कंपाउंडर किंवा सिस्टरही करू शकतील. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं तर सहा महिने गावात नसतात, त्यांचं कार्ड कोण सांभाळणार? कोल्हापुरातल्या बालरोगतज्ज्ञांना हात जोडून विनंती, पुढच्या पावसाळ्याआधी हे सुरू करा.

– एक आजी, प्रयाग चिखली (ता. करवीर)