लेकीचे पैसे चालत नाहीत का?

आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं, जेवलीस का" करून टाळतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

मामाकडून कळलं की आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पोस्टातली सीनियर सिटिझनवाली ठेव मोडली आणि पाटल्या पतसंस्थेत ठेवल्यात. मला मात्र सांगितलंत की मेडिक्लेममध्ये सगळं बसलं! बाबा, ४ लाखांची ठेव, दोन वर्षं होऊन गेलेली, म्हणजे मुदतीआधी मोडल्याचा १ टक्का कापला, ४ हजार तिथेच गेले, वर ८.२ टक्क्यांचं व्याज दर तीन महिन्यांनी यायचं ते बंद आणि पाटल्यांवर उलट तुम्हीच व्याज भरताय. आयुष्यभर शाळेत पोरांना सरळव्याज शिकवलंत ना तुम्ही?

दादाच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे म्हणून त्याला बोलला नाहीत, ते कळतं. पण माझ्याकडे आहेत हे माहीत असून गप्प बसलात, कारण काय तर मी लग्न झालेली लेक, जावई काय म्हणेल. आजी आत्याकडे गेली की पाणी प्यायलासुद्धा कचरायची ते ठीक, तो काळच वेगळा होता. इथे सासूबाईंच्या मोतीबिंदूचं बिल माझ्या पगारातून गेलं तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही, त्यांनाही नाही आणि मलाही नाही. मग माझ्या आईच्या गुडघ्याला तो पगार का चालत नाही? तुमच्या जावयाला विचारलं तर तो म्हणाला, आधी का नाही सांगितलं.

आणि बाबा, तुम्हाला कायद्याची आवड म्हणून सांगते, लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी आहे हे सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्येच म्हटलंय, तेही आपल्या महाराष्ट्रातल्याच केसमध्ये, आणि २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात मुलगा-मुलगी दोघंही धरलेत. मला कोर्टात खेचायची वेळ आणू नका म्हणजे झालं :)

दुसरं म्हणजे ते ७० वर्षांपुढच्यांचं आयुष्मान कार्ड. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही, आणि बाबा म्हणतात ते गरिबांसाठी असतं, आपण कशाला हात पसरायचा. अहो ७० च्या पुढच्या सगळ्यांसाठीच आहे ते, २०२४ पासून! आईला अजून वेळ आहे पण तुमचं तरी काढून ठेवू, कुठल्या हॉस्पिटलात चालतं ते मी बघते.

यापुढे दर ५ तारखेला आईच्या खात्यात ८ हजार येतील, बँकेत लावून टाकलंय. त्याच्यावर काही लागलं आणि बोलायला जड गेलं तर आई, मला नुसता आकडा व्हॉट्सॲप कर, कशाला ते लिहूच नकोस, मी विचारणार नाही. (बाबांना न सांगता केलंस तरी चालेल.)

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय, पाटल्या सोडवायला. पतसंस्थेची पावती आणि बाबांचं आधार काढून ठेवा, आणि शनिवारी पतसंस्था किती वाजेपर्यंत उघडी असते तेवढं विचारून ठेवा.

तुमची लेक