टेकडीवरची शाळा

स्टुटगार्ट, जुलै

प्रिय चिऊ,

परवा उलांड्सहोहे टेकडीवरून उतरताना तू त्या शाळेच्या फाटकाशी थांबलीस आणि विचारलंस, “आई, तुला ही एवढी आवडते, तर मला इथे का नाही घातलंस?” मी ‘चल, बस चुकेल’ म्हणून विषय टाळला. आता तुझी चौथी संपली, सप्टेंबरात पाचवीला नवी शाळा. त्याआधी तुला उत्तर द्यायला हवं.

ती जगातली पहिली वॉल्डोर्फ शाळा. ७ सप्टेंबर १९१९ला सुरू झाली. एमिल मोल्ट यांना आपल्या सिगारेटच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा हवी होती, ती त्यांनी ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्याकडून, त्यांच्याच शिक्षणपद्धतीवर, उभी करून घेतली. कारखान्याचं नाव वॉल्डोर्फ-अस्टोरिया, तेच शाळेला मिळालं. मुलं-मुली एकाच वर्गात आणि विणकाम मुलग्यांनाही. नाझींनी १९३८मध्ये ती बंद पाडली, युद्ध संपल्यावर १९४५मध्ये ती परत उघडली. तू पोटात होतीस तेव्हा हे सगळं वाचून मी भारावून गेले होते.

तिथे फी भरावी लागते आणि तेव्हा बाबांची नोकरी कायम नव्हती, हे खरं आहे. पण सगळं पैशांवर ढकललं तर ते खोटं होईल. आपल्या गल्लीतली झाडून सगळी मुलं कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत जायची. वरच्या मजल्यावरच्या दोघी तुर्की बहिणी, बेकरीवाल्यांचा मुलगा. सव्वासातला जिन्यात दप्तरं आपटल्याचा आवाज यायचा. तू त्यांच्याबरोबर चालत जावंस, असं मला मनापासून वाटलं. घरापासून इतक्या लांब मूल वाढवताना शेजाराची किंमत फार कळते गं.

आणि स्टायनर यांचं सगळंच मला पटलेलं नाही. त्यांचं गूढ तत्त्वज्ञान मी बाजूलाच ठेवलं. वाचायला सातव्या वर्षाच्या आसपास शिकवायचं, हेही. तू पाचव्या वर्षी दुकानांच्या पाट्या वाचायला लागलीस, तेव्हा तुला कशी अडवणार?

मी उचललं ते एवढंच, की घरात रोज तीच गोष्ट त्याच वेळी व्हावी, आणि मुलाच्या हातांना काम असावं. वॉल्डोर्फवाल्यांकडे वारांना धान्यं वाटून दिलेली असतात: सोमवारी तांदूळ, मंगळवारी जव, रविवारी गहू. आपल्याकडे त्यातला सोमवारचा वरणभात टिकला. त्यांचं ऋतूंचं टेबल असतं, त्या-त्या ऋतूतल्या वस्तू मांडायचं, आपल्याला स्वयंपाकघरातल्या खिडकीचा कट्टा पुरला. ऑक्टोबरात तू गोळा केलेली चेस्टनट तिथेच, आणि गणपतीही तिथेच. दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेला पतंगी कागद ११ नोव्हेंबरला, इथल्या सेंट मार्टिनच्या सणाला, करायच्या कंदिलाला लागायचा. पाढे आपण जिना चढताना म्हटले, प्रत्येक तिसऱ्या पायरीवर टाळी. त्यात एक मजा तूच शोधलीस, की मराठी आणि जर्मन दोघंही एकवीस म्हणताना आधी एक म्हणतात आणि मग वीस.

मेणाचा डबा मात्र मला सगळ्यात जवळचा. मधमाश्यांच्या मेणाच्या त्या रंगीत वड्या थंडीत दगडासारख्या होतात, जोर केला तर मोडतात. म्हणून वडी मुठीत धरून बसायचं आणि ती मऊ होईपर्यंत मी पुस्तकाशिवाय गोष्ट सांगायची, हे आपलं ठरलेलं. पहिलीत कितीतरी वेळा तू रागावून घरी यायचीस. कुणी तुझ्या बोलण्याला हसलेलं असायचं, कुणी खेळायला घेतलेलं नसायचं. मूठ इतकी आवळायचीस की वडीवर नखांचे वण उठायचे. गोष्ट निम्म्यावर आली की तुझा अंगठा आपोआप फिरायला लागायचा आणि मधाचा वास सुटायचा. मग त्याचं कासव व्हायचं, किंवा नुसताच गोळा. ‘आज शाळेत काय झालं?’ असं मी त्या वीस मिनिटांत कधी विचारलं नाही. बहुतेक वेळा तूच सांगायचीस.

पण एक गोष्ट माझी चुकली, आणि ती मी कधी बोलले नाही. तुझ्या सातव्या वाढदिवसाला वर्गातल्या मैत्रिणीने गाणं म्हणणारी बाहुली दिली होती. प्लास्टिकची, सेलवर चालणारी. वॉल्डोर्फच्या नादात मी ती दोन दिवसांत कपाटाच्या वरच्या खणात टाकली आणि तुझ्या हातात कापडी बाहुली दिली. तू काही बोलली नाहीस. ती मैत्रीण घरी आली तेव्हा तू तिला सांगितलंस, “मोडली.” मी स्वयंपाकघरातून ऐकलं. माझ्या हट्टापायी तुला मैत्रिणीशी खोटं बोलावं लागलं. ज्या शाळेत तुला मीच घातलं, तिथून घरी आलेली वस्तू मी उंबऱ्याशी अडवायला नको होती. मला माफ कर.

बाहुली अजून त्याच खणात आहे. काल मी सेल बदलून पाहिले, गाते ती. मैत्रीण सुट्टीत गावी जायच्या आत तिला बोलाव, वरणभात करते.

डब्यात निळ्या मेणाची एकच वडी उरली आहे. नव्या दप्तरात ठेवायची की खिडकीत, ते तू सांग.

तुझी,
आई