मुंडीभर

लुईव्हिल, केंटकी
८ नोव्हेंबर २०१०

ती. आबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा भुगा झालाय, चिवड्यात मिसळून संपवतोय. आईला फक्त पोचला एवढंच सांगा.

"ती घोडी हरली कशी?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, इथल्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर ब्रीडर्स कप क्लासिक ही घोड्यांची शर्यत होती. मी गेलो होतो. झेन्याटा सहा वर्षांची, तोवर १९ धावली आणि १९ जिंकली. गेल्या वर्षी नरांना मागं टाकून हीच शर्यत मारली. मादीनं ती जिंकायची पहिलीच वेळ. धावण्याआधी ती नाचते. पुढचा पाय ताठ करून फेकते, टाप हवेत जराशी थांबते, मग दुसरा पाय. शिलंगणाला दसरा चौकात घोडं नाचतं ना, तसं, आणि तेही ताशाबिशा नसताना!

तिची रीतच मागनं येण्याची. पण परवा पहिल्यांदा समोरनं गेली तेव्हा बारा घोड्यांत शेवटची, अकराव्याच्याही कितीतरी मागं. पुढच्यांच्या टापांची माती तोंडावर. माझ्या पोटात गोळाच आला. शेवटच्या वळणावर गर्दीत शिरली, वाट काढत बाहेरच्या अंगाला आली आणि जी सुटली! पण ब्लेम आधीच पुढं निघालेला. चार वर्षांचा गडी, जूनमध्ये याच मैदानावर स्टीफन फॉस्टर नावाची शर्यत मारलेला. सव्वा मैल पळून फरक किती, तर मुंडीभर.

ब्लेम म्हणजे ठपका, आबा. तो झेन्याटाच्या जॉकीनं, माइक स्मिथनं, स्वतःवर घेतला. पत्रकारांपुढं रडला, चूक माझीच म्हणाला. तुमचंही तेच, बैल हरला की हाकणाऱ्याला शिव्या. ह्या खेपेला मला पटत नाही. सुरुवातीलाच रेटली असती तर शेवटाला तो दम उरला असता का? आणि ब्लेमवरच्या गॅरेट गोमेझनं घोडा नेमका कधी सोडला, ते कुणी बोलतच नाही.

शेजारी एक म्हातारी होती. तिनं दोन डॉलर लावलेले. झेन्याटा जिंकली असती तरी तिकीट खिडकीवर नेणार नव्हते, म्हणाली, आणि ते घडी न घालता पर्समध्ये ठेवलं.

दोन डॉलर मीही लावले होते. आईला कळू देऊ नका. तिकीट ह्याच पाकिटात घातलंय. खासबागेतल्या कुस्त्यांची तुमची जुनी तिकिटं आहेत त्या डबीत ठेवा.

तुमचा,
बाळू