सादरीकरण आज, सही पुढच्या आठवड्यात

मा. संपादक,

उपनगरांत सध्या पुनर्विकासाच्या सभांचा हंगाम आहे. वातानुकूलित हॉल, पडद्यावर पोहण्याचा तलाव, वाढीव चटईक्षेत्र, कॉर्पस म्हणजे विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम, घरभाडं आणि शेवटी जेवण. जेवणाआधी पाठिंबापत्र फिरतं. सभासद वाचतच नाहीत, असं नंतर म्हटलं जातं. मला वाटतं, बरेच जण वाचतात, पण खुशीत वाचतात.

योस व्हान बर्कम या डच संशोधकाने सहकाऱ्यांसह २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. वाचकांना आधी आनंदी किंवा उदास करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या, मग वाक्यं वाचायला देऊन मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. 'संजयने नीताची माफी मागितली, कारण' इथवर आलं की चूक संजयची असणार, असं आपण धरून चालतो. पुढे 'तिने' आलं तर मेंदू दचकतो. आनंदी वाचकांत हा दचका दिसला, उदास वाचकांत नाही. त्यांनी पुढचा अंदाजच बांधला नसावा.

पण दचकायला शब्द अंदाजाच्या विरुद्ध जावा लागतो. 'शक्यतो', 'सुमारे', 'मंजुरीच्या अधीन राहून' हे शब्द कशाच्याच आड येत नाहीत. खुशीतल्या वाचकाच्या नजरेखालून ते अलगद निसटतात. जोसेफ फोर्गस आणि रिबेका ईस्ट यांच्या २००८ च्या प्रयोगात तर उदास माणसांनी खोटं बोलणारे अधिक नेमके ओळखले. आनंदी माणसं विश्वास ठेवून मोकळी झाली.

म्हणून सभासदांना रडवून सभेला आणावं, असं नाही. मन खट्टू असलं की सोसायटीच्या ग्रुपवरचं साधं 'बरं'सुद्धा टोमणा वाटतं, हा अनुभव सगळ्यांचाच!

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार विकासकाची निवड निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर, चित्रीकरणासह आणि ५१ टक्के सभासदांच्या संमतीने होते. ते चांगलंच आहे. पण अनेकांचं मन त्याच्या कितीतरी आधी, त्या जेवणावळीतच ठरलेलं असतं. तेव्हा सादरीकरणाच्या दिवशी कुठल्याही कागदावर सही घेऊ नये. मसुदा मराठीत घरी द्यावा, आठवडाभराने एकत्र बसून तो मोठ्याने वाचावा, आणि वाचायला सोसायटीतला सर्वांत कटकट्या सभासद निवडावा. सहकार खात्याने हे निर्देशांत घालावंच. तोवर सोसायट्यांनी आपल्या सभेत तसा ठराव करून घ्यावा.

– एक सभासद, विलेपार्ले (पूर्व), मुंबई