दक्षिण अमेरिका समजावणाऱ्या ताईला

ताई,

आभार मानायला लागले की तू म्हणायचीस, "चहा पाज आणि विषय संपव." चहा पाजून झाला, विषय काही संपला नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

पूर्वपरीक्षेचा जागतिक भूगोल म्हणजे आमच्या अभ्यासिकेत तक्ते. अँडीज पर्वतरांग सुमारे ७,००० किलोमीटर, तिचं सर्वोच्च शिखर अकॉन्काग्वा ६,९६१ मीटर, घोका आणि पान उलटा. तू कोरा नकाशा पुढ्यात ठेवलास आणि विचारलंस, "डोंगर तोच. मग अटाकामा त्याच्या पश्चिमेला आणि पॅटागोनियाचं वाळवंट पूर्वेला कसं?"

उत्तर दिलं नाहीस, आधी वाऱ्यांचे बाण काढायला लावलेस. उत्तरेकडे व्यापारी वारे अटलांटिकवरून येतात, ॲमेझॉनचं खोरं भिजवतात आणि उरलंसुरलं बाष्प अँडीजच्या पूर्व उतारावर सोडतात. पलीकडे, पश्चिम किनाऱ्यालगत, समुद्रात हम्बोल्टचा शीत प्रवाह. खालची हवा गार, वरची उबदार, त्यामुळे खालची वर चढतच नाही. किनाऱ्यावर धुकं दाटतं, पाऊस पडत नाही. दक्षिणेला ४० अंशांच्या पुढे मात्र पश्चिमी वारे. तिथे चिलीची बाजू चिंब आणि अर्जेंटिनाची डोंगराआड कोरडी, म्हणजे पर्जन्यछायेत. माझं गाव दुष्काळी माण तालुक्यातलं, त्यामुळे पर्जन्यछाया वेगळी समजावावी लागली नाही! मधल्या चिलीवर हेच पश्चिमी वारे हिवाळ्यात सरकून येतात, म्हणून तिथे हिवाळी पाऊस, भूमध्य सागरी हवामान आणि द्राक्षं. तक्त्यात हे सगळं वेगवेगळ्या पानांवर होतं.

एल निनोही त्याच नकाशावर बसला. व्यापारी वारे मंदावले की पेरूजवळचं पाणी तापतं, मासळी घटते, कोरड्या किनाऱ्यावर पाऊस कोसळतो आणि आपला मान्सून बऱ्याचदा रुसतो.

स्वतःची मुख्य परीक्षा तोंडावर असताना तू हे करत बसलीस. दुसरं कुणी बसलं असतं असं मला वाटत नाही. क्लासच्या जाडजूड नोट्स अजून आहेत माझ्याकडे. उंच्या बघायला बऱ्या पडतात.

आता आफ्रिका काढलाय. नामिबचं वाळवंट आणि बेंग्वेलाचा थंड प्रवाह तुला न विचारता जुळवले. सोमालियाचा किनारा पूर्वेला असूनही इतका कोरडा का, तिथे अडलेय. रविवारी फोन करते. थेट उत्तर सांगू नकोस.

तुझी,
खिडकीजवळच्या टेबलवाली