कोळशावर उचल घेऊ नका

मा. मुख्यमंत्री व खाणमंत्री,
गोवा राज्य.

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातला. आपणही इथलेच, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या आणि माझे दोन ट्रक दारात उभे राहिले. एकाचे हप्ते चालू होते. त्याआधीची काही वर्षे पैसा असा येत होता की उद्याचा विचार करायला घरात कुणाला सवडच नव्हती.

मध्य प्रदेशात सिंगरौलीचा डोंगरी ताल-२ हा कोळसा पट्टा गोवा औद्योगिक विकास महामंडळाला मिळाला, तेव्हापासून माझ्या मनात मंगोलियाची तवान तोलगोई खाण घोळते आहे. गोबी वाळवंटाच्या दक्षिण भागात सहा अब्ज टनांहून जास्त कोळसा, त्यातला बराच पोलादाला लागणारा कोकिंग कोळसा, आणि मालकी सरकारची. तिथल्या सरकारने नागरिकांना माणशी १,०७२ शेअर देऊ केले. ऐकून बरे वाटते. पण २०११ मध्ये चाल्को या चिनी सरकारी कंपनीकडून २५ कोटी डॉलरची उचल घेतली आणि फेड कोळशात करायचे ठरले. त्याच सुमारास लोकांना माणशी महिन्याला २१,००० तुग्रिक (तिथले चलन) वाटले जात होते. २०१२ मध्ये तिथे निवडणूक होती. पुढे कोळशाचा भाव पडला. माल सीमेपार जातच होता, पण त्याचे पैसे आधीच खाऊन झालेले. गिऱ्हाईक आणि सावकार एकच असला की भाव कोण ठरवतो, हे ट्रकवाल्याला शिकवावे लागत नाही.

रुळांची रुंदी रशियासारखी ठेवायची की चीनसारखी, या वादात वर्षे गेली. सीमेपर्यंतची २३३ किलोमीटरची रेल्वे २०२२ मध्ये सुरू झाली. तोवर सगळी वाहतूक ट्रकांवर आणि धूळ मेंढपाळांच्या कुरणांवर. त्याच वर्षी डिसेंबरात, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, हजारो लोक राजधानी उलानबातरच्या सुखबातर चौकात कोळसा चोरीचा जाब विचारायला उभे राहिले. मंगोलियाने नोंदवलेली निर्यात आणि चीनने नोंदवलेली आयात जुळत नव्हती. गोव्यातल्या बेकायदा खाणकामावरचा शाह आयोगाचा अहवाल वाचलेल्या गोंयकाराला यात नवीन काय वाटणार?

कोळसा काढूच नका, असे मी म्हणत नाही. माझे घर खाणीवर चालले, ते मी विसरलेलो नाही. पण खाणीचा गाळ शेतात शिरला की पीक कसे जाते, हेही मी पाहिले आहे. सिंगरौलीचे शेतकरी आपले मतदार नाहीत, म्हणून त्यांची शेते कमी मोलाची ठरत नाहीत.

माझे मागणे एवढेच. या कोळशावर सरकारने वा महामंडळाने एक रुपयाही उचल घेऊ नये. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठीच्या कायम निधीत ठेवायला सांगितला. कोळशाचा पैसा आला तर त्याला निदान तोच नियम लावावा. सल्लागार, कंत्राटदार, बँक हमी, जो काही करार झाला असेल किंवा पुढे होईल, तो मराठी आणि कोकणीतून लोकांपुढे यावा. याआधी महामंडळाला मिळालेला छत्तीसगडमधला गारे पेलमा सेक्टर ३ हा पट्टा २०१४ मध्ये रद्द झाला. त्यावर किती खर्च झाला, तोही आकडा सांगावा.

पुढच्या अधिवेशनात हे सगळे कागद पटलावर ठेवा, साहेब. त्या दिवशी पर्वरीला प्रेक्षक गॅलरीत मी येऊन बसेन.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक माजी ट्रकमालक