शालवाल्याची वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदाच्या, २०२५च्या, गणपतीत ‘ऑपरेशन सिंदूर’चे देखावे किती मंडळं करणार, याच्या बातम्या सध्या रोज येताहेत. आमच्या सोसायटीच्या मंडळाचंही तेच ठरलंय. माझी हरकत नाही, वर्गणीही दिली आहे. पण रविवारच्या मीटिंगपासून एक गोष्ट घशात अडकली आहे, म्हणून हे पत्र.

देखाव्याच्या बाजूला पहलगामच्या २६ मृतांना श्रद्धांजलीचा फलक लागणार आहे. मजकूर एप्रिलमध्ये नाक्यावर लागलेल्या फ्लेक्सचाच: ‘२६ हिंदू बांधवांना भावपूर्ण श्रद्धांजली’. मी म्हटलं, नुसतं ‘२६ जणांना’ लिहा. त्यांत एक घोडेवाला होता, तिथलाच, मुसलमान. पर्यटकांना वाचवायला तो हल्लेखोरांच्या अंगावर गेला, असं ओमर अब्दुल्लांनी त्याच्या जनाजाला जाऊन सांगितलं. आपल्या एकनाथ शिंदेंनीही त्याच्या घरच्यांना पाच लाखांची मदत दिली. इंदूरचे एक गृहस्थ ख्रिश्चन होते. यावर एक कार्यकर्ता म्हणाला, “काका, फ्लेक्सवर एवढं सगळं बसत नाही.” ‘हिंदू बांधवांना’पेक्षा ‘जणांना’ला जागा कमी लागते, हे मी त्याला अक्षरं मोजून दाखवलं. फलकाचा विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

गैरसमज नको. २२ एप्रिलला बैसरनच्या पठारावर धर्म विचारून माणसं मारली, हे जीव वाचवून परत आलेल्या बायका-मुलांनीच सांगितलं. त्यावर पांघरूण घालणारा मी नव्हे. महाराष्ट्रातले सहा जण गेले. तीन डोंबिवलीचे, दोन पुण्याचे, एक पनवेलचे. माझी धाकटी बहीण डोंबिवलीची. २३ तारखेला संध्याकाळी ती भागशाळा मैदानात अंत्यदर्शनाला गेली होती. दुसऱ्या दिवशी अख्खी डोंबिवली बंद होती. बहिणीचं मे महिन्यात काश्मीरचं बुकिंग होतं, माळ्यावरून स्वेटरची बॅग काढून ठेवली होती. मैदानातून घरी आल्यावर तिने काही न बोलता स्टुलावर चढून ती बॅग परत माळ्यावर टाकली. तिच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. राग आलाच पाहिजे. तो कुठे नेऊन टाकायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्या सोसायटीने तो गेटवर टाकला. २४ एप्रिलला व्हॉट्सअॅप ग्रुपवर दहा मिनिटं चर्चा झाली आणि संध्याकाळी वॉचमनच्या केबिनवर नोटीस लागली: ‘काश्मिरी फेरीवाल्यांना प्रवेश बंद’. आमच्याकडे असा फेरीवाला एकच येतो. गेली बारा-तेरा वर्षं डिसेंबरात पाठीवर गठ्ठा टाकून येतो, शाली, स्टोल, ड्रेस मटेरियल हप्त्याने देतो आणि एप्रिल संपता संपता हप्ते गोळा करून गावी जातो. मुंबईत शाल कशाला लागते, हे विचारू नका. आमच्या घरात सात आहेत.

२७ तारखेला, रविवारी, मी दूध घेऊन येताना तो समोरच्या पानाच्या गादीजवळ उभा दिसला. वॉचमनने आत सोडलं नव्हतं आणि इंटरकॉमवर कोणी खाली यायला तयार नव्हतं. आमच्या हिचा सहाशे रुपयांचा शेवटचा हप्ता राहिला होता, तो मी दिला. त्याने वही उघडून खूण केली. वहीत नावं उर्दूत, पण फ्लॅटचे नंबर इंग्रजी आकड्यांत. त्यामुळे नको असतानाही मला वाचता आले. आमच्या बिल्डिंगचे अकरा फ्लॅट होते. त्यात ४०२ होता. नोटीस ४०२ मध्येच टाइप झाली होती.

“अंकल, हमारे यहाँ भी उस दिन सब बंद था, दुकानें, स्कूल, सब,” तो आपणहून म्हणाला. खरंच होतं ते. २३ एप्रिलला अख्खं खोरं हल्ल्याच्या निषेधार्थ कडकडीत बंद होतं, तिथल्या वर्तमानपत्रांनी पहिली पानं काळी छापली आणि शुक्रवारी श्रीनगरच्या जामा मशिदीत मृतांसाठी मौन पाळलं गेलं. पण दहशतवाद्यांशी आपला संबंध नाही, हे पानाच्या गादीवर उभं राहून त्याला मला सांगावंसं वाटलं, याची मला लाज वाटली.

ज्यांचं माणूस गेलं त्यांची जीभ मात्र आमच्या ग्रुपपेक्षा जास्त ताब्यात होती. केरळच्या एका मुलीने डोळ्यांदेखत वडील गमावले. पण काश्मिरी ड्रायव्हरांनी मला बहिणीसारखं सांभाळलं, असं तिने घरी परतल्यावर सांगितलं. लग्नाला आठवडाही न झालेल्या, नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने न्याय मागितला आणि त्याच दमात मुसलमान-काश्मिरींच्या मागे लागू नका म्हणाली. तिला इतक्या घाण शिव्या पडल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला त्याचा निषेध करावा लागला. तोवर तिचा फोटो मात्र प्रत्येकाच्या स्टेटसवर होता.

मला राहून राहून २००८ आठवतं. मी तेव्हा फोर्टात नोकरीला होतो. २६/११ नंतर बरोबर आठवड्याने, ३ डिसेंबरला, हजारो माणसं गेटवेला जमली. मीही ऑफिस सुटल्यावर गेलो. (मेणबत्त्या ताजसमोर लागल्या. सीएसटीला ५०हून अधिक माणसं गेली, तिथे एवढी गर्दी झाली नाही, हे तेव्हाही खुपलं होतं.) गर्दीत माझ्या पुढे एक मुलगी खोक्याचा पुठ्ठा धरून उभी होती, त्यावर लिहिलं होतं: ‘टॅक्स भरतो, जाब द्या’. त्या संध्याकाळचा राग पाकिस्तानवर होता, तितकाच आपल्या राज्यकर्त्यांवर. समुद्रावर पहारा का नव्हता, पोलिसांच्या हातात धड शस्त्रं का नव्हती, हे लोक ओरडून विचारत होते. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटलांनी राजीनामा दिला, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी दिला, मुख्यमंत्री विलासराव देशमुखांना पायउतार व्हावं लागलं. चौकशीला राम प्रधान समिती बसली. आणि मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या ट्रस्टने मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना दफनाला जागा द्यायला साफ नकार दिला. त्या राजीनाम्यांनी फार काही बदललं, असं मी म्हणत नाही. पण तेव्हा मुंबईने जाब वर विचारला होता.

या वेळी काय झालं? बैसरनला गाडी जात नाही. पायी किंवा घोड्यावरून जावं लागतं, म्हणजे पोलीस वर पोहोचेपर्यंत किती वेळ जाणार हे पोरालाही कळेल. तिथे ऐन हंगामात पर्यटक होते आणि बंदोबस्त नव्हता. हल्ल्यानंतर काश्मीरमधली ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळं बंद केली गेली. नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी सुरक्षेत चूक झाल्याचं मान्य करून जबाबदारी घेतली, ती जुलैत, एका मुलाखतीत. मी ती बातमी कापून सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. बत्तीस जणांनी पाहिली. उत्तर एकाचंही नाही. एप्रिलमध्ये याच ग्रुपवर दहा मिनिटांत ठराव झाला होता.

२८ जुलैला ते तीन हल्लेखोर मारले गेले. बरं झालं. देखाव्यात तोही प्रसंग आहे, थर्माकोलचे डोंगर रंगवून झालेत आणि मुलांनी काम छान केलंय. माझी सूचना होती की बैसरनच्या पठारावर एक रिकामी पोलीस चौकी करा, बाकी काही लिहू नका. ती हसण्यावारी गेली.

शालवाल्याच्या वहीत आमच्या बिल्डिंगचे सात फ्लॅट अजून बाकी आहेत. तो गावी जाताना मला आकडा सांगून गेला, वसूल करा असं काही म्हणाला नाही. डिसेंबरात तो आला तर गेटवर अडवू नये आणि केबिनवरची नोटीस काढावी, असा लेखी अर्ज मी कमिटीला दिलाय. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, “गणपतीनंतर बघू.”

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई